सतराव्या विहिरीवरची कबर

पाण्याची धार मनगटाएवढी झाली, त्या दिवसापासून दर्रेनारच्या बायकांनी खावरखानमला आधी सलाम करणे सोडले. ती पाणवठ्यावर आली की त्या माना खाली घालून भांडी घासत राहत, आणि ती चार पावले पुढे गेली की मागून कुणीतरी म्हणे, "पंचायतीच्या बाई आल्या. आता ठराव भिजवून पिऊ."

खावर वळून पाहत नसे. अठ्ठावन्न वर्षांत तिने पाठीमागे बोलणाऱ्यांकडे वळून पाहण्याची सवय स्वतःला लावून घेतली नव्हती. तीन सभासदांच्या पंचायतीत दोन पुरुषांच्या बरोबरीने ती निवडून आली होती, आणि त्या दोघांपेक्षा तिला मते अधिक होती. पण मते देणारे हात आता रिकाम्या बादल्या घेऊन उभे होते.

डोंगराच्या पोटातून गावापर्यंत आलेली भुयारी नहर ही दर्रेनारची एकुलती एक शीर. जमिनीवरून तिची वाट ओळखता येई ती एकवीस विहिरींमुळे. त्या विहिरी पाणी शेंदण्यासाठी नव्हत्या. नहर साफ करणाऱ्या माणसाने दोराने खाली उतरावे, गाळ वर पाठवावा, यासाठी होत्या. सरत्या हिवाळ्यात जमीन दोनदा हलली. तेव्हापासून सोळाव्या आणि अठराव्या विहिरीच्या मध्ये भुयार बसले होते. वरच्या अंगाला पाणी तुंबले होते आणि खाली पाझरून येई तेवढेच गावाच्या वाट्याला येत होते.

नहरीच्या मुखापाशी मशदी बमानअली पाटकरी तांब्याचे घंगाळ पुढ्यात घेऊन बसलेला असे. घंगाळात पाणी, पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली वाटी. वाटी भरून बुडाली की एक पाळी संपली. बापजाद्यांपासून गावाचे पाणी असेच मोजले जात होते. वाटी बदलली नव्हती, भोक बदलले नव्हते. पण पूर्वी एका वाटीत डाळिंबाची सहा झाडे भिजत, ती आता दोनही भिजत नव्हती.

"खानम, मी वाटी बुडताना बघायचं बंद केलंय," बमानअली म्हणाला. "आवाजावरनं समजतं. लोक माझ्या तोंडाकडे बघतात, जसं काही भोक मीच मोठं केलंय."

"बघू देत. तोंड धुऊन बसत जा म्हणजे झालं."

तो हसला. त्या आठवड्यात पाणवठ्यावर कुणी हसलेले ते पहिलेच.

उपाय सर्वांना ठाऊक होता. भुयार बसले होते ते नेमके सतराव्या विहिरीच्या तळाशी. ती विहीर वरून उघडायची, भिंत ढासळू नये म्हणून मातीची कडी उतरवीत खाली जायचे, माणसाच्या कमरेला दोर ठेवायचा आणि बसलेली माती वरून काढायची. पंचायतीने एकमताने तसा ठराव केला होता. अडचण एवढीच होती की सतरावी विहीर अडतीस वर्षांपूर्वी ढासळून बुजली होती आणि पाण्याने तेव्हा तळाशी कडेने वाट काढली होती, ती जागा पीराच्या दर्ग्याच्या कबरस्तानात होती, आणि त्या बुजलेल्या तोंडावर एक कबर होती.

कबर खावरच्या नवऱ्याची होती.

*

तालुक्याच्या कचेरीत पंख्याखाली बसलेल्या साहेबांनी ठराव दोनदा वाचला. खावरच्या शेजारी पंचायतीचे अध्यक्ष हूशंग मास्तर बसले होते. शाळेतून निवृत्त झाले तरी समोरच्याच्या कागदात चुका शोधण्याची त्यांची नजर निवृत्त झाली नव्हती.

"ठराव नियमात आहे," साहेब म्हणाले. "पण जागा वक्फची. आणि कबरीचा प्रश्न तुमच्या मशिदीच्या आगांचा. त्यांचं पत्र आणा, मी दहा मिनिटांत सही करतो."

"आणि त्यांनी नाही दिलं तर?"

"तर मी कशी करू, मास्तर? मला ह्याच तालुक्यात राहायचंय."

"मग साहेब, लोकांनी आम्हाला निवडून कशासाठी दिलं?"

"पाणी वाटायला." साहेबांनी कागद परत सरकवला. "असेल तोवर."

परतताना गाडीत मास्तर रागाने बोलत राहिले. खावर खिडकीबाहेर पाहत होती. रस्त्याकडेच्या बागांत पाने करपून आत वळली होती, आणि भर उन्हाळ्याचा मुरदाद महिना अजून निम्मादेखील सरला नव्हता.

शेख झैनुद्दीन, ज्यांना गाव नुसतेच आगा म्हणे, मशिदीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत. पन्नाशीचा, उंच, गुडघ्यांनी हैराण झालेला माणूस. त्यांच्या अंगणातले अंजिराचे झाडही वाळत चालले होते. खावरच्या नजरेतून ते सुटले नाही. त्यांच्या बायकोने चहा ठेवला. मास्तरांनी साखरेचा खडा दातांत धरला आणि तसेच बोलायला सुरुवात केली.

"आगा, गावात एकशे ऐंशी घरं आहेत."

"आणि कबरस्तानात चारशेवर कबरी," आगा म्हणाले. "घरांनी तुम्हाला निवडलं, मास्तर. मेलेल्यांना मत नसतं. त्यांच्या वतीनं कुणीतरी बोलायला नको?"

"मेलेल्यांना तहान लागत नाही."

"शाळेतही तुम्ही असंच बोलायचात. पोरं हसायची, पण गणितं कुणाला यायची नाहीत."

खावर म्हणाली, "आगा, कबर माझ्या माणसाची आहे. मीच म्हणते, उघडा. दुसऱ्या कुणाला वाईट वाटायचं कारण नाही."

"खानम, वाईट वाटण्याचा प्रश्न नाही. पुरलेल्या माणसाची कबर उकरणं हराम आहे. बायकोच्या सहीनं ते हलाल होत नाही, पंचायतीच्या शिक्क्यानं होत नाही. माझ्यानंही होत नाही. माझ्या हातात असतं तर मी काय माझं अंजीर वाळू दिलं असतं?"

"मग हातात कुणाच्या आहे?"

"नियमाच्या." आगांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग जरा हलक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या उमेदवारीच्या अर्जाला दाखला मी दिला होता. बाईनं उभं राहू नये म्हणणारे होते. मी लिहिलं, ही बाई धर्माची मर्यादा जाणते. ते अक्षर अजून तालुक्याला आहे. मला ते खोडायला लावू नका."

मास्तरांनी पेल्यात पाहिले. खावरने अर्धा पेला तसाच खाली ठेवला, डोक्यावरची चादर सावरली आणि उठली. दारात तिला वहाणा पायात घालायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला. ज्या दाखल्याचा तिला अभिमान होता तो इतकी वर्षे दोरीसारखा कुणाच्या तरी हातात होता, हे तिला आज समजले.

*

घरी तिच्या मुलाने, यदुल्लाने, पांढरे कपडे धुऊन दोरीवर टाकले होते. नहरीत उतरणारा माणूस पांढरेच कपडे घालतो. वर आला नाही तर कफनाची सोय तिथेच असावी म्हणून. बापाच्या मागे तोच धंदा त्याने धरला होता. गावात आता नहरीत उतरणारा तो एकटाच उरला होता.

त्याची बायको नुसरत ते कपडे खळबळलेले पाणी ओंजळीने डाळिंबाच्या मुळाशी घालीत होती. एकेका झाडाला मोजून चार ओंजळी.

"कशाला काढलेस कपडे?" खावरने विचारले.

"शनिवारी उतरतोय. सोळातनं."

खावर ओसरीवर बसली. सोळावी विहीर बसलेल्या मातीच्या खालच्या अंगाला होती. तिथून उतरायचे म्हणजे चाळीस हात भुयारात सरपटत वर जायचे, आणि ज्या मातीमागे चार महिन्यांचे पाणी तुंबले आहे तिलाच समोरून कुदळ मारायची. माती सुटली की पाणी माणसाला घेऊनच बाहेर येणार.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? हूशंग मास्तर येऊन गेले. म्हणाले, सोळाव्या विहिरीला आगांची मनाई नाही, ती पंचायतीच्या जागेत आहे. बळजबरी नाही म्हणाले. नुसतं म्हणाले, आठ दिवसांत पाणी नाही आलं तर वरच्या आळीची बाग गेली."

"आणि तू हो म्हणालास."

"वरच्या आळीत माझं सासर आहे, आई. कुणाला काय सांगू? पाणी आमच्या बाबांच्या कबरीखाली अडकलंय आणि मी घरात ताक पीत बसलोय?"

नुसरत रिकामी बादली जमिनीवर आपटून उठली. "पंचायत म्हणते, इथनं उतर. आगा म्हणतात, तिथनं उतरू नको. दोघांचंही खरं. दोघांच्या मध्ये माझ्या नवऱ्यानं पाण्याखाली जायचं." ती सासूकडे पाहून म्हणाली, "तुम्ही तर पंचायतीत आहात ना. की नुसत्या शिक्का मारायला जाता?"

एरवी या घरात खावरला असे बोलून कुणी उभे राहिले नसते. आज ती दोरीकडे वळली. तिने दोरीवरचे पांढरे कपडे पाहिले. सदऱ्याच्या बाहीला तिनेच घातलेला टाका होता. असाच टाका तिने आणखी एका सदऱ्याला घातला होता, विशीत असताना.

रजबअली सतराव्या विहिरीत उतरला तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि यदुल्ला तिच्या पोटात पाच महिन्यांचा. विहीर वरून खालपर्यंत ढासळली. गावातली पोरे तीन दिवस उकरत होती आणि उकरले तेवढे पुन्हा ढासळत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघांनी दोर बांधले, काही झाले तरी तळ गाठायचाच म्हणून. तेव्हा आताच्या आगांचे वडील, ज्यांना मोठे आगा म्हणत, त्यांनी सर्वांना पाणी प्यायला पाठवले आणि मयत धुणाऱ्या म्हाताऱ्याला घेऊन ते एकटे खड्ड्यापाशी थांबले. लोक परतले तेव्हा कफन शिवून तयार होते. देह बघण्यासारखा राहिलेला नाही, कुणी उघडू नये, एवढेच मोठे आगा म्हणाले. नमाज झाला. विहिरीच्या बुजलेल्या तोंडातच कबर झाली.

रात्र पडण्याआधी ते खावरच्या दारात आले. उंबऱ्याबाहेरूनच, तिच्याकडे न पाहता बोलले. "मुली, कफनात माती आहे आणि त्याची टोपी. तो खालीच आहे. मी थांबवलं नसतं तर ती तीन पोरंही आज खालीच राहिली असती. हे पाप माझं, तुझं नाही. पण तू बोललीस तर ती उद्या पुन्हा उतरतील. कबर मी सरळ त्याच्या वर केलीय. तू रडशील ते त्याच्यापर्यंत पोचेल."

ती बोलली नाही. धुणारा म्हातारा त्याच वर्षी गेला, मोठे आगा अकरा वर्षांपूर्वी. दर गुरुवारी ती मातीच्या गाठोड्यावर गुलाबपाणी शिंपडत आली होती, आणि विधवेचा मान त्या कबरीने तिला दिला होता. देह मिळाला नसता तर ती हरवलेल्याची बायको ठरली असती. चार वर्षे कचेऱ्या, आणि तोवर दिरांनी बाग घेतली असती.

त्या गुरुवारी ती कबरीवर गेली, पण गुलाबपाण्याची बाटली उघडली नाही.

*

शुक्रवारच्या नमाजानंतर, लोक पांगल्यावर, ती आगांच्या दारात एकटी उभी राहिली.

"पंचायतीचं काम असेल तर मास्तरांना घेऊन या," आगा म्हणाले.

"पंचायतीचं नाही. धर्माचा एक मसला विचारायचाय."

मसला विचारायला आलेल्याला परत पाठवता येत नाही. आगा बसले. त्यांच्या बायकोने दार उघडेच ठेवले आणि आतल्या खोलीत तांदूळ निवडत राहिली.

"विहिरीत माणूस पडला. माती वर आली, मेला. त्याला ना आंघोळ घातली, ना कफन. काय करावं?"

"बाहेर काढावं. धुवावं, कफन द्यावं, रीतसर पुरावं."

"वेळ गेला असेल तर?"

"काढणं शक्य असेल तोवर काढणं वाजिब आहे, चुकवता येत नाही. न धुतलेला माणूस जिवंतांच्या मानेवरचं ओझं असतो."

"आणि त्याच्यावर कबर बांधली असेल तर?"

"ती कबर कसली, खानम? कफनाशिवाय, नमाजाशिवाय नुसती माती टाकली म्हणजे…" आगा थांबले. त्यांनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिले. "कुणाचा मसला आहे हा?"

"माझा."

तिने सांगितले. एकही शब्द वाढवला नाही, एकही गाळला नाही. आत तांदळाच्या सुपाचा आवाज थांबला होता.

आगा पुढे झुकले. "माझ्या वडिलांनी मातीवर नमाज पढला असं म्हणता तुम्ही."

"पढला. आणि तीन पोरं जगली. त्यातला एक तुमच्या नहरीवर वाटी सोडत बसतो."

"उद्या तुमचा मुलगा सोळाव्या विहिरीत उतरणार, आणि आज तुम्हाला हे आठवतं."

"आठवलं नाही, आगा. विसरलेच नव्हते. उद्या माझा मुलगा उतरणार म्हणून बोलते आहे. नसता उतरला तर तोंड मिटूनच मेले असते. तेही सांगते."

"कोण साक्षीला आहे?"

"कुणी नाही. जे होते ते तुमच्याच कबरस्तानात आहेत."

आगा उठले, दुखऱ्या गुडघ्यांनी खोलीत दोन फेऱ्या घातल्या. "पंचायतीत तुमचं मत एक मोजतात. इथं एकट्या बाईच्या शब्दावर मी कबर उघडली तर उद्या कुणीही येईल. जमिनीच्या भांडणातला येईल, वाटणीतला येईल, म्हणेल कबर खोटी आहे."

"इथं माझा शब्द अर्धा. माहीत आहे."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायला कशाला हवं? मी परवा पंचायतीची म्हणून आले, तेव्हा तुम्ही नियम सांगितलात. आज तुमच्याच नियमाचं बोट धरून आले, तर साक्षीदार मागता." तिचा आवाज चढला नव्हता. "तो अडतीस वर्षं तिथं बिनआंघोळीचा, बिनकफनाचा पडलाय, आगा. पाण्याचं राहू द्या. पाणी मी मागत नाही. त्याच्यासाठी मागते."

कफनाचा शब्द ऐकून आगांची नजर कोपऱ्यातल्या जुन्या पेटीकडे गेली आणि तिथेच थबकली. खावरला वाटले, आता काहीतरी बोलतील. ते एवढेच म्हणाले, "जा तुम्ही."

"उद्या सूर्य डोंगरावर आला की तो उतरेल."

"ऐकलं मी. जा."

*

शनिवारी सकाळी सोळाव्या विहिरीपाशी निम्मा गाव जमला होता. रहाट रोवला होता, दोर पाण्यात भिजवून आवळला होता. यदुल्ला पांढरे कपडे घालून दोन रकात नमाज पढला, मग दिव्याची वात पाहिली. नुसरत आली नव्हती. घरातून निघताना तिने त्याला, सुखरूप परतावा म्हणून, डोक्यावर धरलेल्या कुराणाखालून जाऊ दिले होते आणि दार लावून घेतले होते.

हूशंग मास्तर हातातला कागद गुंडाळत आणि उलगडत होते. "खानम, मी बळजबरी केली नाही," ते तिसऱ्यांदा म्हणाले.

"ते तुम्ही पाणी फुटल्यावर सांगा."

तिने यदुल्लाच्या कमरेची गाठ स्वतः तपासली. ती तिने सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

"आई, किती वेळा?"

"गप्प बस. जन्माला यायला तू दोन दिवस लावले होतेस, तेव्हा मी विचारलं नव्हतं."

रहाटावरची माणसे हसली. सूर्य डोंगराच्या कडेवर आला होता. यदुल्लाने विहिरीच्या काठावर बसून पाय आत सोडले.

"दोर वर घ्या," कुणीतरी मागून म्हणाले.

कबरस्तानाच्या बाजूने आगा येत होते. काठी टेकत, चढावर थांबत, एका काखेत कापडाचे बोचके. एवढ्या उन्हात ते कधी घराबाहेर पडत नसत. गर्दी बाजूला झाली. ते खावरकडे आले नाहीत. सर्वांना दिसेल अशा दगडावर उभे राहिले आणि दम घेऊन बोलले.

"सोळावी विहीर सोडा. सतरावी उघडा."

रहाटावरच्या माणसांनी मास्तरांकडे पाहिले.

"माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या पेटीत करबल्याहून आणलेलं कफन होतं. त्यांनी मला बजावलं होतं, हे मला घालू नकोस. हे दुसऱ्या कुणाचं आहे, त्याची बायको मागायला येईल तेव्हा दे. मी त्यांना साध्या कापडात पुरलं आणि अकरा वर्षं विचार करत राहिलो." त्यांनी बोचके पुढे धरले. "काल ती मागायला आली. रजबअलीच्या कबरीत रजबअली नाही. माझ्या वडिलांनी रिकामं कफन पुरलं आणि मातीवर नमाज पढला. का पढला, ते तुमच्यातल्या तिघांना माहीत असायला हवं."

मशदी बमानअली गर्दीतच खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. बाकीच्या दोघांतला एक शहरात होता, दुसरा रहाटाच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. त्याचा हात तसाच राहिला.

हूशंग मास्तर भानावर आले. त्यांनी कागद उलगडला. "पंचायतीनं नेमका हाच ठराव महिन्यापूर्वी केला होता. नोंदीत लिहून ठेवा, की पंचायतीच्या ठरावानुसार…"

"तुमचा ठराव पाण्यासाठी होता," आगा म्हणाले. "माझा हुकूम माणसासाठी आहे. नोंद तशी होईल."

"आगा, गावानं निवडून दिलेल्या…"

"मास्तर, मी आज माझ्या बापाचं नाव इथं ठेवलंय. तुम्ही काय ठेवलंत?"

दोघेही थांबले, कारण खावर त्यांच्या मधून चालत गेली होती. यदुल्ला विहिरीच्या काठावर तसाच बसून आईकडे पाहत होता. लहान मूल नवख्या माणसाकडे पाहते तसा. तिने खाली वाकून त्याच्या कमरेची गाठ सोडली, दोर हाताला गुंडाळला.

"खड्डा एकच आहे ना?" ती म्हणाली. "मग खणा."

*

तीन दिवस लागले. कबरीचा दगड आगांनी स्वतः हात लावून हलवला. खालचे गाठोडे वर आले तेव्हा कुजलेल्या कापडातून लोकरी टोपीचा तुकडा निघाला. तो कुणी मागितला नाही, खावरनेही नाही. मग यदुल्ला मातीची कडी एकावर एक बसवीत खाली जात राहिला. वरच्या आळीची माणसे रहाट फिरवीत होती, खालच्या आळीच्या बायका कडी घडवण्यासाठी चिखल तुडवीत होत्या. नुसरत दोराशी बसली होती आणि कुणालाही दोर देत नव्हती. पाणवठ्यावर टोमणे मारणाऱ्या बायकांनी भाकरी आणून ठेवली. खावरने ती घेतली, पण त्यांच्याशी बोलली नाही. इतक्या लवकर बोलण्याची तिला गरज वाटली नाही.

या तीन दिवसांत यदुल्लाने आईला एकच प्रश्न विचारला. संध्याकाळी वर येऊन, तोंडावरचा चिखल न पुसता. "मी दर ईदला ज्याला सलाम करत होतो, ती टोपी होती?"

"टोपी होती."

"आणि तू बघत उभी राहायचीस."

"हो."

तो दोर गुंडाळत राहिला.  त्या संध्याकाळी त्याने तिच्या हातचे ताक न पिता पेला बाजूला ठेवला, आणि तिने तो मुकाट्याने उचलला.

मंगळवारी दुपारी दोराला दोन हिसके आले. रहाट थांबला.  खावर विहिरीच्या काठावर गुडघे टेकून वाकली. आतून ओली, थंड हवा तिच्या तोंडावर येत होती.

"आई." यदुल्लाचा आवाज दगडांतून घुमत वर आला. "कुदळ हातातच आहे." मग थोड्या वेळाने, "दात सगळे शाबूत आहेत."

तिने काठाची माती मुठीत धरली. तेवीस वर्षांचा पोरगा, अडतीसाव्या वर्षातल्या पोराच्या मांडीवर. तिला कुणी धरायला आले, तर तिने कोपराने दूर केले.

आगांनी आपला तपकिरी झगा उतरवून जमिनीवर पसरला. पोहरा वर येई, ते हात घालून अस्थी काढीत, झग्यावर मांडीत. शेवटचे हाड वर आल्यावर यदुल्लाने मागे वळून, वरून बांधलेल्या दोराच्या भरवशावर, उरलेल्या मातीत कुदळ मारली. जमिनीतून गाडी गेल्यासारखा आवाज आला. नुसरतने ओरडून रहाटावरच्यांना शिवी दिली आणि सहा माणसांनी दोर ओढला. यदुल्ला छातीपर्यंत भिजून, खरचटून, पण पायांवर वर आला. खाली पाणी धावत होते.

गाव पाणवठ्याकडे पळाला. नहरीच्या मुखातून आधी चिखल, मग पिवळे पाणी, मग मांडीएवढी स्वच्छ धार. बमानअलीने घंगाळ भरले, त्यावर वाटी धरली आणि विचारले, "पहिली पाळी कुणाची लिहू?"

दर्ग्याचा मुजावर पुढे झाला. "मंगळवार वक्फचा. शंभर वर्षांचा दस्तऐवज आहे."

"ती जुनी वाटणी," हूशंग मास्तर म्हणाले. "पंचायतीच्या नव्या वाटणीत मंगळवारी वरची आळी आधी. झाडं मरताहेत तिथं."

मुजावराने आगांकडे पाहिले, मास्तरांनी खावरकडे. आगा झग्याशिवाय, नुसत्या सदऱ्यावर, अस्थींचे गाठोडे हातांवर घेऊन उभे होते.  बमानअलीची वाटी पाण्यापासून बोटभर वर तशीच राहिली.

खावर पाटाच्या काठाने चालत आली आणि दोघांच्या मधल्या दगडावर बसली. तिने बाह्या वर केल्या.

"इथं ठेवा, आगा," ती म्हणाली. "यदुल्ला, बापाला धुवायला ये. मी पाणी घालते."

यदुल्ला क्षणभर उभा राहिला. मग गुडघ्यांवर बसला. मुजावराने तोंड उघडले होते. आगांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. मास्तरांनी कागद खिशात घातला.

"लिही, बमानअली," खावर म्हणाली. "पहिली पाळी रजबअलीची. वाटी सोड."

म्हाताऱ्याने वाटी सोडली. आपला जीव वाचावा म्हणून ज्याला खाली ठेवले होते त्याच्या पाळीची ती वाटी, म्हणून आज तो तोंड न वळवता बघत राहिला. तांबे पाण्यावर डुलले, भोकातून एक बारीक कारंजे उठले, पाणी हळूहळू काठाला आले. सगळा गाव वाट पाहत उभा होता, आणि वाटी बुडेपर्यंत कुणी पाटाला हात लावला नाही.